आर्थर्स पास: न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर गाडीने जाताना

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या मधोमध सदर्न आल्प्सची रांग उभी आहे. तिच्या पूर्वेला कँटरबरीचं सपाट मैदान आणि ख्राइस्टचर्च, तर पश्चिमेला डोंगर आणि टास्मान समुद्र यांच्यात सापडलेली जंगलाची चिंचोळी पट्टी, म्हणजे वेस्ट कोस्ट. ही रांग मोटारीने ओलांडायला तीन मुख्य खिंडी आहेत: उत्तरेला लुईस पास, दक्षिणेला हास्ट पास आणि मध्ये आर्थर्स पास. तिघींत आर्थर्स पास सर्वांत उंच, ९२० मीटर. राज्य महामार्ग ७३ ख्राइस्टचर्चहून निघून ही खिंड ओलांडतो आणि कुमारा जंक्शनला किनाऱ्याच्या महामार्ग ६ ला मिळतो. ख्राइस्टचर्चपासून ग्रेमाउथ किंवा होकिटिका, दोन्ही अंतरं साधारण २५० किलोमीटर. न थांबता साडेतीन-चार तास लागतात, पण न थांबता जाण्याचा हा रस्ता नाही. अख्खा दिवस द्या आणि रात्री पश्चिम किनाऱ्यावर मुक्काम करा. एका दिवसात जाऊन परत येणं म्हणजे पाचशे किलोमीटर डोंगरी ड्रायव्हिंग, आणि त्यातला सर्वांत अवघड भाग दोनदा, दुसऱ्यांदा दमलेल्या डोळ्यांनी.

रस्ता पूर्ण डांबरी आहे, खुणा स्पष्ट आहेत, नवशिक्यालाही जमेल असा आहे. तरी लोक इथे अडकतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: ख्राइस्टचर्चचं स्वच्छ आकाश बघून निघाले. या खिंडीचं हवामान ख्राइस्टचर्चला दिसत नाही.

आधी वारा बघा

घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि पलीकडे देशावर कोरडं, हे आपल्याला सह्याद्रीमुळे माहीत आहे. इथे तेच आहे, फक्त पावसाळा चार महिन्यांचा नसून बारमाही आहे आणि उतार कितीतरी उंच आहेत. टास्मान समुद्रावरून येणारा दमट वारा डोंगराला थडकतो, वर चढतो, थंड होतो आणि सगळं पाणी पश्चिम उतारावर ओततो. ख्राइस्टचर्चला वर्षाला सहाशे-साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आर्थर्स पास गावात तो चार हजारांच्या वर जातो आणि खिंडीपलीकडच्या ओटिरात पाच हजारांच्या आसपास.

त्यामुळे निघायच्या आदल्या संध्याकाळी पहिला प्रश्न विचारायचा तो वारा कुठून येणार याचा.

वायव्येचा वारा असेल तर लक्ष ओटिराकडे ठेवा. पश्चिम उतारावर मुसळधार पाऊस, दरडी, पुलाखालून गढूळ पाणी, असा तो दिवस असतो. त्याच वेळी ख्राइस्टचर्चला गरम, कोरडा, धूळ उडवणारा वारा सुटलेला असतो, कारण पाणी पश्चिमेला सांडून तो वारा पूर्वेला उतरताना तापतो. शहरातून पश्चिमेला पाहिलं तर डोंगरांवर ढगांची एक लांब कमान दिसते आणि तिच्याखाली निळ्या आकाशाची स्वच्छ पट्टी. पर्यटकाला ते दृश्य सुंदर वाटतं. स्थानिक माणूस ते पाहून ओळखतो की पलीकडे कोसळतंय.

वारा दक्षिणेचा असेल तर चित्र उलटं होतं. अंटार्क्टिकाकडून येणारी थंड हवा पूर्व उतारावर बर्फ टाकते, म्हणजे अडचण ओटिरात नसून त्याच्या कितीतरी आधी, पोर्टर्स पास या मुख्य रांगेच्या अलीकडच्या खिंडीत येते. अशा दिवशी पश्चिम किनाऱ्यावर लख्ख ऊन असू शकतं. फक्त आर्थर्स पासचा अंदाज बघून निघालेले लोक पोर्टर्सच्या चढावर घसरतात ते यामुळे.

बघायच्या जागा दोन. मेटसर्व्हिस या सरकारी हवामान संस्थेच्या संकेतस्थळावर वेस्टलँडसाठी (म्हणजे खिंडीपलीकडच्या पश्चिम भागासाठी) अतिवृष्टीचा इशारा आहे का ते पाहा, आणि रस्त्यांवरच्या बर्फवृष्टीचे इशारे वेगळे असतात तेही पाहा. त्यात आर्थर्स पास आणि पोर्टर्स पास यांची नावं स्वतंत्र येतात. मग वाका कोटाही, म्हणजे तिथल्या वाहतूक संस्थेच्या प्रवास-नकाशावर महामार्ग ७३ उघडा आहे का ते बघा. रात्री एकदा आणि सकाळी निघताना पुन्हा. वेस्टलँडला अतिवृष्टीचा इशारा असेल तर एक दिवस थांबा. ही वादळं बहुधा दिवस-दीड दिवसात निघून जातात आणि मागे धुतलेलं आकाश आणि डोंगरभर धबधबे ठेवून जातात. थांबलेल्याचा फायदाच होतो.

कोणत्या महिन्यात

ऋतू उलटे आहेत हे ठाऊक असूनही आखणी करताना विसरायला होतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा. डिसेंबरात ख्राइस्टचर्चला रात्री नऊपर्यंत उजेड असतो, आणि पश्चिम उतारावर राता नावाचं झाड लालभडक फुलतं. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत आलात तर तिथे शरद संपत आलेला असतो: हवा बहुधा शांत, पण दिवस छोटा, पाचच्या सुमारास अंधार, आणि उंचावर पहिला बर्फ. दिवाळीच्या सुट्टीत वसंत असतो. तो दिसायला छान, पण वायव्येची वादळं सर्वांत जोरात याच काळात येतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कार्यक्रमात एक राखीव दिवस ठेवाच. जून ते ऑगस्ट हिवाळा. तेव्हा आणि सप्टेंबरातही गाडीत बर्फाच्या साखळ्या हव्यात.

फेब्रुवारीत एक गोष्ट तपासा. १९८३ पासून या बेटावर ‘कोस्ट टू कोस्ट’ ही शर्यत होते: कुमारा बीचपासून ख्राइस्टचर्चच्या किनाऱ्यापर्यंत २४३ किलोमीटर, धावत, सायकलवर आणि कयाकमधून. धावण्याचा अवघड टप्पा आर्थर्स पासजवळच्या गोट पासवरून जातो. शर्यतीच्या दिवसांत राहायला जागा मिळत नाही आणि रस्त्यावर सायकलस्वारांचे थवे असतात.

गाडी, कागद, इंधन, शिधा

गाडी डाव्या बाजूने चालते, त्यामुळे भारतीयाला सवय वेगळी लावून घ्यावी लागत नाही. इंग्रजीत छापलेला वैध परवाना चालतो, तरी गाडी भाड्याने देणारे काही जण आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात. आरक्षण करतानाच विचारून घ्या. सात वर्षांखालच्या मुलांना मान्यताप्राप्त बालआसन कायद्याने सक्तीचं आहे. ‘मांडीवर घेऊन बसते’ हे इथे चालत नाही.

भाड्याच्या गाड्या जवळजवळ सगळ्या ऑटोमॅटिक असतात. हातात आल्यावर गॅरेजच्या आवारातच एक गोष्ट शोधून ठेवा: खालचा गियर कसा लागतो. कुठे ‘एल’ किंवा ‘२’ असतो, कुठे मॅन्युअल मोड, हायब्रिड गाडीत बहुधा ‘बी’. ओटिराच्या उतारावर याची गरज पडते, आणि तिथे शोधत बसायला जागा नाही.

टाकी ख्राइस्टचर्चला किंवा वाटेतल्या डारफील्ड गावात पूर्ण भरा. स्प्रिंगफील्ड हे डोंगरात शिरण्याआधीचं शेवटचं गाव. पुढे इंधनाचा भरवसा धरू नका. आर्थर्स पास गावात मिळालं तरी महाग पडतं. विजेची गाडी असेल तर लक्षात ठेवा की चढ, थंडी आणि समोरचा वारा या तिघांनी मिळून पल्ला बराच खाली येतो. पूर्ण चार्ज करून निघा आणि वाटेतली चार्जिंगची जागा चालू आहे का ते आधी बघून घ्या.

शाकाहारी असाल तर शिधा ख्राइस्टचर्चहून बरोबर घ्या. वाटेत चहा-कॉफी, ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ), सँडविच मिळतं, पण संध्याकाळनंतर डोंगरात काही उघडं सापडेल असं समजू नका. घरून आणलेल्या डब्याबद्दल मात्र सावध राहा: न्यूझीलंडच्या विमानतळावर प्रत्येक खाद्यपदार्थ अर्जात लिहावा लागतो. चिवडा, लोणचं, मसाला, सुकामेवा, सगळं. लिहिलं आणि त्यांनी काढून घेतलं तर दंड नाही. न लिहिता सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर. मध नेऊच नका.

बरोबर असाव्यात अशा वस्तू: प्रत्येकासाठी पावसाचं जाकीट आणि लोकरी किंवा फ्लीसचा एक थर (उन्हाळ्यातसुद्धा), दोन लिटर पाणी, विजेरी, एक पांघरूण, मोबाइलवर आधी उतरवून घेतलेला नकाशा. स्प्रिंगफील्डच्या पुढे मोठमोठ्या पट्ट्यांत मोबाइलला सिग्नल नसतो. आपत्कालीन क्रमांक १११. आणि पश्चिमेला उतरण्याआधी अंगाला कीटकरोधक लावा. तिथली सँडफ्लाय नावाची बारीक काळी माशी घोट्यांना चावते आणि खाज आठवडाभर राहते.

रस्ता, टप्प्याटप्प्याने

ख्राइस्टचर्च ते स्प्रिंगफील्ड, सुमारे ६५-७० किलोमीटर. सरळसोट मैदानी रस्ता, दोन्हीकडे शेतं आणि वारा अडवणाऱ्या झाडांच्या उंच कुंपणभिंती. वेगमर्यादा ताशी १००, गावात कमी. इथे एकच धोका, कंटाळा आणि त्यातून वाढणारा वेग. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत निघा म्हणजे ऊन पाठीशी राहतं. दुपारी निघालात तर पश्चिमेचा सूर्य थेट डोळ्यांत येतो. हिवाळ्यात मात्र उलट करा, स्प्रिंगफील्ड नऊ-दहाच्या आधी सोडू नका. सावलीतल्या वळणांवर रात्रीचा पातळ, पारदर्शक बर्फ डांबरासारखाच काळा दिसतो. त्याच्यावर खडी टाकणारे ट्रक एकदा फिरून गेलेले बरे.

पुढे पोर्टर्स पास. मैदान संपतं आणि रस्ता एकदम चढू लागतो. या प्रवासातला सर्वांत उंच बिंदू हा आहे, आर्थर्स पास नव्हे; पोर्टर्स साधारण ९४० मीटरवर आहे. चढताना मागे गाड्यांची रांग लागली तर डावीकडे दिलेल्या रुंद पट्टीत गाडी घेऊन त्यांना जाऊ द्या. हा तिथला शिष्टाचार आहे आणि तो पाळला की आपलंही मन शांत राहतं. मागच्याच्या दडपणाखाली वळणावर वेग वाढवणं हे पाहुण्या चालकांच्या अपघातांचं एक मोठं कारण. वळणाआधी पिवळ्या पाटीवर आकडा असतो, तो त्या वळणाचा सुरक्षित वेग. ३५ लिहिलं असेल तर ३५च.

पोर्टर्स ओलांडला की कोरडं, पिवळट गवताचं खोरं लागतं. ख्राइस्टचर्चपासून सुमारे शंभर किलोमीटरवर कासल हिल, माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या) भाषेतलं नाव कुरा ताफिती: हिरवळीवर विखुरलेले चुनखडीचे प्रचंड करडे खडक, काही दोन-तीन मजली घराएवढे. गाडीतळापासून दहा मिनिटं चालत. एक तास सहज द्यावा. ही नाई ताहू या माओरी जमातीची पवित्र जागा आहे. खडकांवर कोळशाने चितारलेली जुनी चित्रं आहेत, त्यांना हात लावू नये.

तिथून थोडं पुढे केव्ह स्ट्रीम. जमिनीखालून वाहणाऱ्या ओढ्यातून ५९४ मीटर चालत जाता येतं, पण हे सहलीतलं ‘चला जाऊन येऊ’ नव्हे. पाणी बर्फगार असतं आणि जागोजागी कमरेपर्यंत येतं. खालच्या तोंडातून शिरायचं, प्रवाहाच्या उलट दिशेने चालायचं आणि वरच्या तोंडाशी लोखंडी पायऱ्यांनी छोटा धबधबा चढून बाहेर पडायचं, साधारण एक तास. प्रत्येकाकडे दोन विजेऱ्या, लोकरी कपडे, बरोबर अनुभवी माणूस. आत शिरताना पहिल्या डोहातच पाणी कमरेच्या वर असेल, गढूळ किंवा फेसाळ असेल, किंवा वरच्या डोंगरात पाऊस असेल तर परत फिरा. कपडे-बूट नसतील तर वरून दोन्ही तोंडं पाहून पुढे निघा. तेही बघण्यासारखं आहे.

मग लेक पिअर्सन आणि त्यानंतर वायमाकारिरीचं खोरं. नदी एका पात्रातून वाहत नाही. पांढऱ्या गोट्यांच्या किलोमीटरभर रुंद पटावर दहा-बारा प्रवाह एकमेकांत गुंततात आणि सुटतात. कोरड्या दिवशी पात्रात उतरून फिरावंसं वाटतं. आधी वर खिंडीकडे पाहा. तिकडे काळं असेल तर इथे थेंबही न पडता पाणी वाढतं.

या भागापासून पुढे काही पूल एकाच गाडीपुरते अरुंद आहेत, आणि त्यांच्या पाट्या आधीच समजून घ्यायला हव्यात. गोल पाटी, लाल कडा, त्यात एक लहान लाल बाण आणि एक मोठा काळा बाण: लाल बाण तुमचा, म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. निळी चौकोनी पाटी, त्यात मोठा पांढरा बाण: आधी जाण्याचा हक्क तुमचा. हक्क असला तरी समोरचा थांबतोय हे दिसल्याशिवाय पुलावर चढू नका, आणि समोरचा आधीच पुलावर असेल तर पाटी काहीही सांगो, थांबा. हात उंचावून आभार मानायची पद्धत आहे.

सुमारे १५० किलोमीटरवर आर्थर्स पास गाव, उंची साडेसातशे मीटरच्या आत. काही डझन घरं, एक रेल्वे स्थानक, चहापाण्याची सोय. इथे कीया भेटतो. हिरवट पाठीचा, पंखांखाली नारिंगी, कोंबडीएवढा डोंगरी पोपट. तो आधी गाडीच्या टपावर उतरतो, मग तिरका चालत काचेपर्यंत येतो, वाकून आत बघतो आणि चोचीने काचेभोवतीची रबरी पट्टी धरून सोलायला लागतो. वायपर, एरियल, सायकलची गादी, काही चालतं त्याला. खिडक्या बंद ठेवा, पिशव्या बाहेर ठेवू नका आणि खायला अजिबात घालू नका. पावाचा तुकडा दिसायला निरुपद्रवी, पण त्यातून पक्षी माणसांच्या वस्तू चघळायला शिकतो; जुन्या छपरांच्या खिळ्यांतलं शिसं पोटात जाऊन अनेक कीया मेले आहेत. जात धोक्यात आहे.

खिंड आणि ओटिराचा उतार

गावापासून चार-पाच किलोमीटरवर माथा. इथे आर्थर डडली डॉब्सनचं स्मारक आहे. १८६४ मध्ये या तरुण सर्वेक्षकाने ही वाट मोजली. ती असल्याचं त्याला वेस्ट कोस्टच्या तारापुही या माओरी प्रमुखाने सांगितलं होतं. माओरी लोक त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून आल्प्स ओलांडत होते, पूर्वेकडे पोउनामू हा हिरवा दगड नेण्यासाठी, पण त्यांची नेहमीची वाट याच्या उत्तरेची, कमी उभी, हार्पर पासची होती. ही खिंड ओटिराच्या बाजूला इतकी उभी आहे की चालणाऱ्याला ती सोयीची नव्हती. पश्चिमेला सोनं सापडलं आणि कँटरबरीला तिकडे घाईने गाडीरस्ता हवा झाला, म्हणून हीच वाट निवडली गेली. १८६५ च्या हिवाळ्यात मजुरांनी बर्फात काम केलं आणि १८६६ मध्ये घोडागाड्या धावू लागल्या. चालकाने हे लक्षात ठेवायचं ते एवढ्यासाठी, की या रस्त्याची एक बाजू सौम्य आणि दुसरी उभी आहे. पूर्वेकडून आल्यावर चढ संपल्याचा आनंद होतो, आणि खरी कसोटी त्यानंतर सुरू होते.

माथ्यावरूनच खालचा गियर टाका. उतार सुरू झाल्यावर नव्हे, त्याच्या आधी. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात, मग जळका वास येतो, मग पेडल मऊ लागायला लागतं, आणि तोवर थांबायला सपाट जागा उरलेली नसते. योग्य पद्धत अशी: इंजिनाने गाडी धरून ठेवायची आणि वेग वाढलाच तर ब्रेक एकदा नीट दाबून पूर्ण सोडायचा. वास आलाच तर पुढच्या विसाव्याच्या जागेत थांबून पंधरा-वीस मिनिटं गाडी निवू द्या; चाकांवर पाणी ओतू नका.

माथ्यानंतर लगेच ओटिरा व्हायाडक्टच्या दर्शनजागेची पाटी येते. तिथे वळा. खाली दिसणारा ४४० मीटर लांबीचा पूल १९९९ मध्ये सुरू झाला. त्याआधीचा नागमोडी रस्ता सैल दरडीच्या उतारावरून जात होता आणि पाऊस-भूकंपात सतत सरकत होता. १९२९ मध्ये ७.१ तीव्रतेचा भूकंप याच भागात झाला, १९९४ मध्ये ६.७ चा. त्या उताराची दुरुस्ती करत बसण्याऐवजी अभियंत्यांनी दरीच ओलांडली. जुन्या रस्त्याच्या खुणा डोंगरावर अजून दिसतात.

पुलाखाली घळ आणखी अरुंद होते. एका जागी रस्त्यावर काँक्रीटचं छप्पर आहे, दगड वरून निघून जावेत म्हणून, आणि रीड फॉल्सचं पाणी तर पन्हळीतून रस्त्याच्या डोक्यावरून पलीकडे सोडलं आहे. बघायला छान आहे, पण घळीत कुठेही गाडी थांबवायची नाही. दगड पडतात. फोटो दर्शनजागेवरूनच.

इथेच झाडं बदलतात. पूर्वेकडे बीच नावाच्या बारीक पानांच्या झाडांचं कोरडं जंगल होतं. माथा ओलांडला की दाट, ओलं, नेच्यांनी भरलेलं अरण्य. दहा-पंधरा किलोमीटरांत इतका फरक पडतो.

ओटिरा गावापासून कुमारापर्यंतचा रस्ता तारामाकाउ नदीच्या कडेने जातो आणि सोपा आहे. पाऊस असेल तर पाणी साचलेल्या जागी वेग कमी करा. कुमारा हे सोन्याच्या दिवसांतलं गाव. १८९३ ते १९०६ न्यूझीलंडचे पंतप्रधान राहिलेले रिचर्ड सेडन आधी इथेच राहायचे. कुमारा जंक्शनला उजवीकडे ग्रेमाउथ, डावीकडे होकिटिका, दोन्ही अंदाजे वीस किलोमीटर. जुन्या प्रवासवर्णनांत ग्रेमाउथच्या वाटेवर रेल्वे आणि मोटारी एकाच पुलावरून जात असल्याची भीतिदायक वर्णनं सापडतील. २०१८ पासून मोटारींसाठी वेगळा दुपदरी पूल आहे. पहिल्यांदा जात असाल तर होकिटिका निवडा: पोउनामूचं कोरीवकाम करणाऱ्यांच्या कार्यशाळा आणि थेट समुद्रात मावळणारा सूर्य, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. समुद्रात मात्र उतरू नका, लाटा ओढून नेतात.

साखळ्या कशा बसवायच्या

हिवाळ्यात साखळ्या भाड्याने मिळतात. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा (उदाहरणार्थ २०५/५५ आर १६) दाखवूनच घ्या आणि दुकानाच्या दारात एकदा बसवून पाहा. बोटं गारठलेली असताना पहिल्यांदा शिकणं फार कठीण.

बर्फ दिसताच रस्त्याकडेच्या सपाट मोकळ्या जागेत थांबा, चढावर अडकल्यावर नव्हे. हँडब्रेक, चारही इंडिकेटर चालू. साखळ्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच बसतात, बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या. मागच्यांना बसवल्या तर काहीच उपयोग नाही, आणि ही चूक सर्वांत जास्त होते. साखळी जमिनीवर पसरून पीळ काढा, टायरवर टाका, आतल्या बाजूचा आकडा आधी अडकवा, मग बाहेरचा, मग ताण द्या. शंभर मीटर पुढे घ्या, थांबा, पुन्हा आवळा. सैल राहिलेली साखळी चाकाच्या कमानीवर आणि ब्रेकच्या नळीवर आपटते. मग ताशी ४० च्या वर जायचं नाही, आणि कोरडं डांबर लागताच काढायच्या, नाहीतर साखळी तुटते आणि टायरही जातो.

गावात दोन-तीन तास असतील तर

डेव्हिल्स पंचबोल धबधबा, १३१ मीटर उंच. गावातूनच वाट, जाऊन-येऊन एक तास, पायऱ्या बऱ्याच. माथ्यावरची डॉब्सन वाट अर्ध्या तासाची, उन्हाळ्यात डोंगरी फुलांची. अॅव्हलांच पीक (१८३३ मीटर) ही वेगळी बाब: अकराशे मीटरचा चढ, सहा ते आठ तास, आणि ढगात शिखरावरून चुकीच्या धारेने उतरलेली माणसं दगावली आहेत. पूर्ण स्वच्छ दिवस, चांगले बूट आणि परतीची वेळ कुणाला तरी सांगून ठेवलेली, हे तिन्ही नसेल तर जाऊ नका. वाटा उघड्या आहेत का ते डिपार्टमेंट ऑफ कन्झर्व्हेशनच्या संकेतस्थळावर कळतं.

गावात पाऊस असेल तर हॉटेलात बसू नका. पंधरा किलोमीटर मागे, पूर्वेला, बीली स्परच्या बाजूला या. बऱ्याचदा तिथे कोरडं असतं. त्याहून मागे कासल हिलला ऊनही सापडतं.

रस्ता बंद झाला तर

दरड पडली तर किती वेळ लागेल ते अडथळ्यापाशी कुणीच सांगू शकत नाही. रांगेत थांबण्यापेक्षा जवळच्या गावात परत या आणि तिथून प्रवास-नकाशा बघा. दिवसभर उघडणार नसेल तर पर्याय लुईस पास: ख्राइस्टचर्चहून उत्तरेला, महामार्ग ७ ने रीफ्टनमार्गे ग्रेमाउथ, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. चढ सौम्य आहे, पण त्याच वादळात तोही बंद असू शकतो, म्हणून आधी तपासा.

गाडी चालवायचीच नसेल तर

ख्राइस्टचर्च ते ग्रेमाउथ ट्रान्झअल्पाइन रेल्वे: २२३ किलोमीटर, १६ बोगदे, सुमारे पाच तास. सकाळी निघते, दुपारी पोचते आणि तासाभरात परत फिरते. स्प्रिंगफील्डनंतर ती रस्ता सोडून वायमाकारिरीच्या घळीतून जाते, जिथे मोटार पोचत नाही. ७३ मीटर उंचीचा स्टेअरकेस पूल तिथेच लागतो. उघड्या डब्यात उभं राहायचं असेल तर याच टप्प्यात जा. खिंड रेल्वे वरून ओलांडत नाही, खालून जाते: आर्थर्स पास ते ओटिरा साडेआठ किलोमीटरचा बोगदा, १९२३ मध्ये सुरू झालेला. त्याचा उतार तेहतीसात एक आहे, म्हणून जड मालगाड्यांना ओटिराहून वर चढताना जादा इंजिनं जोडावी लागतात.

उत्तम जोड अशी: काही जणांनी रेल्वेने ग्रेमाउथला जायचं, चालकाने गाडी घेऊन यायचं आणि परतताना सगळ्यांनी मिळून रस्त्याने. परतीला ओटिराचा चढ वातानुकूलन बंद करून चढा, आणि टाकी ग्रेमाउथ किंवा होकिटिकालाच भरा. स्प्रिंगफील्डपर्यंत पुन्हा तोच इंधनाचा प्रश्न आहे.